दुरुस्तीची अट

कपाशीला पात्या-फुलं लागायला लागली की वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात घरोघरी फवारणीचे पंप बाहेर निघतात. हातपंपाचा जमाना सोपा होता. दट्ट्याचा वायसर बदलला, नोझल साफ केलं की पंप पुन्हा पाठीवर. आता बॅटरीचा पंप आला आहे. त्याच्या बुडाशी बारा व्होल्टची बॅटरी, लहानशी मोटर आणि एक स्विच असतो. ऐन हंगामात यातलं एक काही बिघडलं की पंपापंपांतला फरक कळतो. एखाद्याचं बूड चार स्क्रू काढले की उघडतं आणि तालुक्याच्या बाजारात मिळणारी साधी बॅटरी त्यात बसते. दुसऱ्याची पिनच वेगळी असते, आणि त्या मेकचा चार्जर मागायला जावं तर दुकानात यंदा तो मेकच नसतो. टाकी धड, पट्टे धड, नळी धड, तरी पंप भंगारात जातो. मेकॅनिक हुशार असो की नसो, त्या पंपाचं नशीब कारखान्यात त्याचा आराखडा काढला त्याच दिवशी ठरलेलं असतं.

आराखड्यावरच कायद्याची अट घालायची, असं युरोपीय संघानं ठरवलं आहे. टिकाऊ उत्पादनांच्या रचनेचा नवा कायदा तिथं १८ जुलै २०२४ रोजी अमलात आला. २००९चा आधीचा नियम ऊर्जेशी संबंधित वस्तूंपुरता होता आणि त्याचं मुख्य लक्ष वीज किती जळते याकडे होतं. नव्या कायद्यानं अन्न, औषधं असे काही अपवाद वगळता बहुतेक सगळ्या वस्तू कक्षेत घेतल्या आहेत. वस्तू किती वर्षं टिकावी, ती उघडता यावी का, सुटे भाग कुठवर मिळावेत, शेवटी तिच्यातलं साहित्य सुटं करून पुन्हा वापरता यावं का, हे वस्तूगणिक ठरवायचं आहे. असे नियम कसे दिसतात ते स्मार्टफोनवरून समजतं. जुन्याच चौकटीतून आलेले हे नियम २० जून २०२५ पासून लागू आहेत: एखादं मॉडेल बाजारात आणणं बंद झाल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि आठशे वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीची ८० टक्के क्षमता शिल्लक राहिली पाहिजे. न खपलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला नव्या कायद्यानं बंदी घातली आहे. मोठ्या कंपन्यांसाठी तिची तारीख १९ जुलै २०२६.

हे सगळं युरोपातून आलेलं नवं शहाणपण आहे असं मानायचं कारण नाही. जुलै १९२९मध्ये अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. पण मला बक्षिसापेक्षा त्याच्या अटी मोठ्या वाटतात. यंत्र हलकं हवं, झोपडीत हातानं किंवा पायानं चालवता यायला हवं. एका बाईनं आठ तास सूत काढलं तरी तिला फार शीण होता कामा नये. ते हिंदुस्थानातच तयार होऊन १५० रुपयांच्या आत मिळायला हवं. वेळेवर देखभाल केली तर किमान वीस वर्षं चालायला हवं. आणि झिजलेले भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये, म्हणजे दीडशेच्या यंत्रावर फार तर साडेसात रुपये.

किती वर्षं आणि किती रुपये, ही दोन्ही उत्तरं त्या अटींत आकड्यांत दिलेली आहेत. आजचे कायदे सुटे भाग 'वाजवी किमतीत' द्या म्हणतात आणि वाजवी कशाला म्हणायचं यावर वाद रंगतात. वापरणाऱ्या बाईच्या अंगावर किती ताण पडेल हे तर अजून फारच थोड्या नियमांत सापडतं. किर्लोस्करवाडीहून किर्लोस्कर बंधूंनी या स्पर्धेसाठी यंत्र तयार केलं होतं, पण ते लाख रुपये शेवटी कोणालाच मिळाले नाहीत. अटी खरोखरच अवघड होत्या.

पुढे १९३४मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ आला. त्याच्या मगनवाडीतल्या कार्यालयात अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा बसले. जे निसर्गात पुन्हा पुन्हा निर्माण होतं त्यावर जगायचं की जे उपसून संपतं त्यावर, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा 'मगनदीप' त्याच विचारातून झाला. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी उघडलेलं मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे. समुद्रपूरच्या शाळांनी सहलीत सेवाग्रामबरोबर तेही दाखवावं.

आपल्याकडचे आजचे कायदे मात्र वस्तू मेल्यानंतर जागे होतात. ऑगस्ट २०२२चे बॅटरी कचऱ्याचे नियम, १ एप्रिल २०२३ पासूनचे ई-कचऱ्याचे नियम, यांचा मुख्य भर उत्पादकानं कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी घ्यावी यावर आहे. ते आवश्यकच आहेत. पण कचरा होऊच नये यासाठीचं काम आराखड्याच्या टेबलावर करावं लागतं. जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिनं निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं होती, ही फार समाधानाची बाब. मे २०२५मध्ये दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाचा अहवाल आला, तो मात्र मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपासून सुरुवात करतो, आणि गुण कंपन्यांनी स्वतःच जाहीर करायचे आहेत. फवारणी पंपाची पाळी कधी येणार? शेतकरी मोबाइल बिघडला तर आठ दिवस कळ काढेल. बोंडअळी आठ दिवस थांबत नाही. बॅटरी आणि पिन सगळ्या पंपांना सारखी असावी, एवढा एक नियम जरी झाला तरी तालुक्याच्या गावचा कोणताही मेकॅनिक तासाभरात पंप चालू करून देईल.

युरोपचा कायदा आपल्याला दुसऱ्या वाटेनंही गाठणार आहे, कापसाच्या. एप्रिल २०२५मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या पहिल्या कार्ययोजनेत कापड अग्रक्रमावर आहे. प्रत्येक कपड्याबरोबर डिजिटल उत्पादन पासपोर्ट येईल. त्यात काय काय लिहायचं हे अजून ठरायचं आहे. धागा कशाचा हा प्रश्न त्यात असणारच, कारण कापूस आणि पॉलिएस्टर एकत्र कातले की ते पुन्हा वेगळे करणं फार कठीण जातं. इथं शुद्ध सुती धाग्याची बाजू भक्कम आहे. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावानिशी ओळखला जायचा.

आज ते नाव जिनिंगच्या दारातच पुसलं जातं. समुद्रपूर, गिरड, मांडगाव अशा गावोगावच्या गाड्या येतात, कापूस एकाच ढिगात पडतो आणि गठाण बांधली की कोणत्या शिवारातला कोणता हे कोणालाच सांगता येत नाही. पासपोर्टात कापसाचं मूळ विचारलं गेलं तर हा ढीग वेगळा ठेवावा लागेल, नोंदी ठेवाव्या लागतील, आणि त्याला पैसा लागेल. तो खर्च भावातून कापून शेतकऱ्याच्या माथी मारणं सगळ्यांत सोपं, म्हणूनच त्याची भीती आहे. नोंदीचा खर्च खरेदीदारानं उचलायचा आणि नोंद असलेल्या कापसाला क्विंटलमागे किती जादा द्यायचे, हे बाजार समिती, जिनिंगवाले, सूतगिरण्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आताच बसून लिहून घ्यावं. युरोपचे कापडाचे नियम पक्के झाले की बोलणी करायला फारशी जागा उरणार नाही.