नामयाचे घर

हिंगोली तालुक्यात कयाधूच्या काठी नरसी आहे. तिथे संत नामदेवांचे जन्मघर दाखवतात. जन्म शके 1192 चा, म्हणजे इ.स. 1270. वडील दामाशेटी, आई गोणाई, आडनाव रेळेकर, जात शिंप्याची. मूळ नरसी कोणती, हा अभ्यासकांचा वाद जुना आहे. वारकऱ्यांनी मात्र तो आपल्यापुरता केव्हाच मिटवून टाकला.

साडेसातशे वर्षांपूर्वीची भिंत तिथे शोधू नये. या भागातले जुने घर म्हणजे माळवद. सागाच्या तुळया, त्यांवर लाकडाच्या चिरफळ्या, वर पाला आणि मग मातीचा जाड थर. उजेड यायला आणि चुलीचा धूर जायला छताला साने. पाऊस आला की धावत वर जाऊन ते झाकायचे. मृगाआधी दरवर्षी पांढरी माती टाकून चोपायची. एक साल हयगय केली तर घर गळते, दहा साल केली तर बसते. माळवद टिकते ते खाली माणसे नांदतात म्हणून, आणि दामाशेटींचा संसार तर पंढरपूरला गेला. जुन्या भिंती मातीत मिळाल्या असतील. जागा तेवढी लोकांनी धरून ठेवली.

गंमत म्हणजे नामदेवांचे खरे गाजलेले घर ना नरसीचे, ना पंढरपूरचे. ते आहे गुरुग्रंथसाहिबात. तिथल्या त्यांच्या 61 पदांपैकी एकात शेजारीण चौकशी करते, की नाम्या, तुझे छप्पर कोणी शाकारले? तो सुतार दाखव, मी दुप्पट मजुरी देते. नामदेव म्हणतात, तो पैसा घेत नाही, प्रीती मागतो; आणि गणगोताची ओढ सुटली की न बोलावता येतो. शिंप्याच्या पोराने देवाला सुतारकामाला जुंपले! पंजाबात घुमानला त्यांचे स्थान आहे, 2015 चे साहित्य संमेलन तिथेच भरले. इकडे नरसीतही गुरुद्वारा आहे.

आषाढ वद्य एकादशीला, पंढरीची वारी उरकून, वारकरी नरसीला परतवारीला येतात. गर्दी सोसत नसेल तर तो दिवस टाळा. जाताना वाटेतल्या गावात उभे माळवद दिसले, तर घरच्यांना विचारून आत जा आणि आधी वर साने बघा. अशी घरे आता भराभर उतरवली जात आहेत.