पोट फुगलं, गॅसही बंद झाला? मोठ्या आतड्याचा कॅन्सर असाही समोर येतो

दोन दिवस शौचाला झालेलं नाही. गॅसही सुटत नाही. पोट फुगून टणक झालंय आणि उलट्या सुरू झाल्यात. अशा वेळी घरात आधी एरंडेल किंवा जुलाबाची गोळी दिली जाते, आणि धोका इथेच वाढतो. कारण आतडं पूर्ण अडलेलं असू शकतं. काही रुग्णांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर पहिल्यांदा कळतो तो असाच, थेट इमर्जन्सीमध्ये.

आतडं अडतं कसं?

मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला मल पातळ असतो. तिथली गाठ बराच काळ वाट अडवत नाही, पण थोडंथोडं रक्त जाऊन ॲनिमिया होतो. डाव्या बाजूला आतडं अरुंद आणि मल घट्ट असतो. तिथे गाठ वाढली की वाट बंद होते. मागचा दाब वाढत गेला तर आतडं फुटून मल पोटात पसरतो आणि जीवावर बेततं. जुलाबाच्या औषधाने हा दाब आणखी वाढू शकतो.

हॉस्पिटलमध्ये काय करतात?

सलाइन लावतात, नाकातून पोटात नळी घालतात, सीटी स्कॅन करतात. शक्य असेल तर गाठ काढून आतडं लगेच जोडतात. पण आतडं फुटलं असेल किंवा रुग्ण फार खालावला असेल, तर जोड सुटण्याची भीती असते. मग गाठ काढून आतड्याचं वरचं टोक पोटावर आणतात आणि मल पिशवीत जमा होतो. फ्रेंच सर्जन हेन्री हार्टमन यांनी १९२१ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरतात. काहींचं आतडं काही महिन्यांनी पुन्हा जोडतात, काहींची पिशवी कायम राहते.

शनिशिंगणापूरहून कुठे जायचं?

सर्जन, भूलतज्ज्ञ, सीटी स्कॅन आणि रक्त एकाच ठिकाणी मिळेल असं मोठं हॉस्पिटल लागतं. त्यासाठी अहिल्यानगर शहर किंवा लोणीचं प्रवरा रुग्णालय गाठावं लागतं. १०८ ला फोन करा. रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नका. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. हॉस्पिटल योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

ही वेळ टाळता येते का?

बऱ्याचदा, हो. शौचातून रक्त, बदललेली शौचाची सवय, कारण नसताना घटलेलं वजन किंवा हिमोग्लोबिन ही लक्षणं 'मूळव्याध असेल' म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा, त्यांनी सांगितलं तर कोलोनोस्कोपी करा. गाठ वेळेत सापडली तर ऑपरेशन तयारीनिशी होतं आणि पिशवीची गरजही अनेकदा टळते.