स्वारगेटच्या चौकातील भटके आणि युरोपातील रोमा : बहिष्करण व समावेशनाचा प्रश्न

प्रस्तावना

युरोपात सुमारे एक कोटीहून अधिक लोकसंख्या असलेला रोमा समाज हा त्या खंडातील सर्वांत मोठा वांशिक अल्पसंख्याक गट मानला जातो. ‘जिप्सी’ हे नाव त्याला इतरांनी दिले. हे लोक इजिप्तमधून आले असावेत, या गैरसमजातून ते रूढ झाले. जर्मन अभ्यासक योहान रुडिगर यांनी १७८२ मध्ये या समाजाची भाषा भारतीय भाषाकुलातील असल्याचे दाखवून दिले. या भाषेत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’ व माणसाला ‘मानुश’ म्हणतात, हे मराठी वाचकास विशेष सांगावे लागत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडलेल्या या समूहाने रुमानियाच्या भूमीवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गुलामगिरी सोसली आणि दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीच्या छळछावण्यांत लाखो माणसे गमावली.

रोमांना ‘आपले दुरावलेले बांधव’ म्हणून गौरविण्याची आपल्याकडे हौस आहे. चंदीगड येथे १९७६ व १९८३ मध्ये त्यांचे आंतरराष्ट्रीय महोत्सवही झाले. परंतु हजार वर्षांपूर्वी गेलेल्यांविषयी वाटणारा हा जिव्हाळा, येथेच राहिलेल्या भटक्यांच्या वाट्याला क्वचितच येतो. महाराष्ट्रातील विमुक्त व भटक्या जमाती रोमांच्याच वंशातील आहेत, असा दावा करण्याचे कारण नाही. साम्य आहे ते समाजाने व शासनाने दिलेल्या वागणुकीत. प्रस्तुत लेखात या वागणुकीचा विचार केला आहे.

स्वारगेट : एक निरीक्षणस्थळ

पुण्यातील स्वारगेट हे सातारा, सोलापूर, पंढरपूरकडे जाणाऱ्या एस.टी.चे ठाणे. सप्टेंबर २०२४ पासून येथे मेट्रोही आली. जेधे उड्डाणपुलाच्या परिसरात सिग्नल लागला की गजरे, पेन, फुगे, गाडी पुसण्याची फडकी घेऊन स्त्रिया व मुले वाहनांमधून फिरू लागतात. ती कोणत्या जातीची, कोणत्या जिल्ह्यातून आलेली, याची चौकशी कोणी करीत नाही. पण ‘पर्स सांभाळा’ ही सूचना मात्र रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या तोंडी सहज येते. ही सूचना वरवर पाहता व्यवहारज्ञानाची वाटते. तिचा उगम मात्र कायद्यात आहे.

संशयाचा कायदा

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. तो प्रथम उत्तर भारतात लागू झाला व १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह देशभर झाली. एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून घोषित झाली की तिच्यातील व्यक्तीने गुन्हा केला आहे की नाही, हा प्रश्नच उरत नसे. जन्म हाच पुरावा ठरे. नोंदणी, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना आणि मुलांना आईवडिलांपासून वेगळे ठेवण्याची तरतूद, असे त्याचे स्वरूप होते. सोलापूरला तारेच्या कुंपणात ‘सेटलमेंट’ उभी राहिली व तेथील माणसे कापडगिरण्यांना मजूर म्हणून उपयोगी पडली. ‘सुधारणा’ आणि स्वस्त श्रम यांची ही सांगड अभ्यासकांनी दुर्लक्षू नये अशी आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. परंतु त्याची जागा सराईत गुन्हेगारविषयक कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. त्याच वर्षीच्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यातील ‘भीक मागणे’ या संज्ञेची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा वस्तू विकण्यास पुढे करणे, अशा निमित्ताने सार्वजनिक जागी दान मागणे वा स्वीकारणे हीसुद्धा भीकच. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणेही त्यात आले. डोंबारी, गोंधळी, वासुदेव, जोशी यांचे परंपरागत व्यवसाय एका व्याख्येत संशयास्पद झाले. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर जगणारे पारधी, सापवाले व अस्वल खेळविणारे दरवेशी यांचे साधनच गेले. वन्यजीवांचे रक्षण आवश्यकच होते. परंतु ज्यांची उपजीविका गेली त्यांना पर्याय देण्याचे काम कायद्याइतक्या तत्परतेने झाले नाही.

संशयाचा शेवट किती भीषण होतो, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी तेथे गेले होते. मुले पळविण्याचा हाच आरोप युरोपात रोमांवरही शतकानुशतके होत आला आहे.

ओळखीचा पुरावा

समावेशनाच्या मार्गातील खरी अडचण मात्र हिंसेपेक्षा साधी व नित्याची आहे, ती म्हणजे कागद. महाराष्ट्रात १४ विमुक्त जाती व २८ भटक्या जमाती अशी मूळ यादी आहे. २००४ पासून अमलात असलेल्या आरक्षण कायद्यात विमुक्त जातींना ३ टक्के, भटक्या जमाती (ब) यांना २.५ टक्के जागा आहेत. धनगर व वंजारी यांसाठी (क) आणि (ड) हे स्वतंत्र गट आहेत. सवलत मिळविण्यासाठी जातीचे प्रमाणपत्र हवे आणि त्यासाठी कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ या दिनांकापूर्वीपासून राज्यात वास्तव्यास असल्याचा पुरावा हवा. ज्यांचे वैशिष्ट्यच एका जागी वास्तव्य नसणे हे आहे, त्यांच्याकडून वास्तव्याचा कागद मागितला जातो! पालावर जन्मलेल्या आजोबांचा शाळेचा दाखला नातवाने कोठून आणावा?

त्यात वर्गवारीचा गोंधळ. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातीत मोडतो, तर उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीत. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, पाल पारधी व राज पारधी विमुक्तांत. बंजारा कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात लंबाडा या नावाने अनुसूचित जमातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत येतात. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर भिकू रामजी इदाते यांचा आयोग झाला. २०२२ मध्ये केंद्राने शिक्षण, आरोग्य, उपजीविका व घरे यांसाठी ‘सीड’ योजना आणली, तिची तरतूद पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपयांची. या जमातींची देशातील संख्या कोट्यवधी आहे, हे लक्षात घेता या रकमेवर अधिक भाष्य नको.

शिक्षणसंस्था आणि समावेशन

१३ नोव्हेंबर २००७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने चेक प्रजासत्ताकाविरुद्ध दिलेला निकाल येथे उपयुक्त ठरतो. ओस्ट्राव्हा शहरातील १८ रोमा मुलांना मतिमंदांसाठीच्या विशेष शाळांत घातले होते. चाचणी सर्वांना एकच होती, पालकांची संमतीही होती. तरी परिणाम एकाच समाजावर होत असेल तर तो भेदभावच, असे न्यायालयाने मानले. हेतू शुद्ध असला तरी नियम भेदभाव करू शकतो, हे या निकालाचे सार आहे. १९६१ च्या अटीकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांतील जातिभेदाच्या प्रकरणात, कारागृह नियमावलींतील विमुक्त जमातींविषयीचे सवयीच्या गुन्हेगारीचे उल्लेख घटनाबाह्य ठरविले आणि या समाजातील व्यक्तींना मनमानीपणे अटक होणार नाही, याची काळजी घेण्यास पोलिसांना सांगितले. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी हे सांगावे लागले.

महाविद्यालयांचा संबंध यापुढे येतो. ‘उपरा’ (१९८०) व ‘उचल्या’ (१९८७) ही साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळालेली आत्मकथने मराठीचे प्राध्यापक भटक्या-विमुक्तांचे दर्शन म्हणून आदराने शिकवितात. त्याच वेळी प्रवेश कक्षात जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत न आल्याने राखीव जागेवरचा विद्यार्थी खुल्या वर्गाचे शुल्क भरू शकत नाही व निघून जातो. या गळतीची स्वतंत्र नोंद महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालात सहसा नसते, कारण तो विद्यार्थी कधी पटावर आलेलाच नसतो. प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र नसलेल्या अर्जांची वेगळी नोंद ठेवणे, समाजशास्त्र वा मराठी विभागाने समाज कल्याण कार्यालयाकडे अशा विद्यार्थ्यांचा पाठपुरावा करणे आणि हंगामी स्थलांतराच्या काळातील गैरहजेरीकडे शिस्तभंग म्हणून न पाहणे, एवढे तरी कोणत्याही शासन निर्णयाची वाट न पाहता करता येते. स्वारगेटच्या सिग्नलवर पेन विकणारी मुले या प्रवेश कक्षापर्यंत पोहोचण्याआधीच शाळेतून गळालेली असतात. त्यांच्यासाठी लागणारी व्यवस्था शिक्षण हमी पत्रकाच्या अंमलबजावणीपासून सुरू होते, आणि ती महानगरपालिकेच्या शाळांच्या कक्षेत येते.