रेडिओ बंद केल्यावर

पुणे आकाशवाणीच्या सुरुवातीच्या दिवसांवर लिहिणारे बहुतेक जण गीतरामायणापाशी येऊन थांबतात. साहजिकच आहे. पण 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, गीतरामायण संपत आलेलं असताना, त्याच केंद्रावरून आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा आणखी एक कार्यक्रम लागत होता. त्याचं मला आकर्षण आहे ते एका व्हिएन्नाकरामुळे.

मूळ कल्पना कॅनडाची. तिथं 1941 पासून शेतकरी शेजाऱ्याच्या घरी जमत, रेडिओवरची चर्चा ऐकत, मग आपसात वाद घालून निष्कर्ष कळवत. युनेस्कोला हा प्रकार भारतात करून पाहायचा होता. त्या वेळी आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर होते; आयसीएस अधिकारी, आणि ‘कोणार्क’ हे नाटक लिहिणारे हिंदी नाटककार. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात विसेक जणांचं मंडळ, म्हणजे फोरम; त्याला एक अध्यक्ष आणि एक लिहिता-वाचता येणारा निमंत्रक. एकूण वीस कार्यक्रम. कार्यक्रम ऐकायचा, रेडिओ बंद करायचा आणि बोलायचं. निमंत्रकानं टिपण करून केंद्राकडे पाठवायचं. गावकऱ्यांच्या शंकांना पुढच्या एखाद्या कार्यक्रमात उत्तर मिळे. एकतर्फी बोलणाऱ्या सरकारी रेडिओला यामुळे ऐकून घ्यावं लागलं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि ते करणारा हा व्हिएन्नाकर म्हणजे पॉल नॉयराथ. वडील ऑटो नॉयराथ ‘व्हिएन्ना मंडळ’ या विचारवंतांच्या गटातले तत्त्वज्ञ; आकडेवारी चित्रांतून सामान्य माणसाला समजावी म्हणून त्यांनी आयुष्य वेचलं. मुलाला 1938 मध्ये नाझींनी पकडलं. डाखाऊ आणि मग बुखेनवाल्ड अशा दोन छळछावण्या भोगून तो सुटला, अमेरिकेत पोहोचला आणि त्या छावण्यांतल्या कैद्यांच्या समाजावरच त्यानं कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला. कैदी एकमेकांशी कसे वागतात, कुणाचा कुणावर वचक चालतो, हे बारकाईनं पाहिलेला हा माणूस पुढे आपल्याकडच्या गावांत कोण बोलतो आणि कोण गप्प बसतो याचा अभ्यास करायला आला. या दोन कामांचा संबंध त्यानं स्वतः जोडला असेल-नसेल. मला तो जोडल्याशिवाय राहवत नाही.

त्यानं तुलना नेटकी केली: फोरमची गावं, फोरम नसून रेडिओ असलेली गावं आणि रेडिओही नसलेली गावं. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर गावकऱ्यांना किती माहिती आहे ते तपासलं. फोरमच्या गावांतली वाढ ठळक होती. नुसता रेडिओ असलेली गावं बरीच मागे राहिली. यंत्रापेक्षा गप्पांचं मोल जास्त ठरलं. आजचे ‘जनजागृती’वाले लाउडस्पीकर घेऊन फिरतात तेव्हा हा निष्कर्ष त्यांच्या कानाशी लावावासा वाटतो.

पण खरी मेख वेगळीच आहे. काही गावांत फोरम नुसती चर्चा करून थांबेना, निर्णय घेऊ लागला. हे काम पंचायतीचं. म्हणजे पंचायतीला प्रतिस्पर्धी उभा राहिला. दहा आठवड्यांत! माझ्या मते हेच या प्रयोगाचं यश, आणि अधिकाऱ्यांच्या नजरेतून पाहिलं तर हीच अडचण. अर्थात या विसांच्या मंडळांत बहुतेक पुरुषच, त्यामुळे ‘गाव बोललं’ हे वाक्य मी जपूनच वापरीन.

माथुर आणि नॉयराथ यांचा अहवाल युनेस्कोनं 1959 मध्ये छापला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात योजना देशभर नेली गेली. रेडिओसंच वाटणं सोपं होतं. वीस माणसांना दर आठवड्याला एकत्र बसवणारा, टिपणं पाठवणारा निमंत्रक मात्र कारखान्यात तयार होत नव्हता. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि ज्याचा त्याचा रेडिओ ज्याच्या त्याच्या बांधावर वाजू लागला. पुण्यात जे मोजलं होतं ते रेडिओ बंद केल्यानंतरचं बोलणं होतं; ते कुणाच्या अंदाजपत्रकात बसेना.