नळी बदलली, रायफल तीच?

मागच्या वेळी आपण नागसेन आणि मिलिंद राजा यांना रथापाशी सोडलं होतं. रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि सगळे भाग बाजूला काढले तर रथ उरतच नाही. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, 'सर, आता रथ कुठे राहिले? आजच्या वस्तूचं उदाहरण द्या ना.' आम्ही रात्रभर विचार केला आणि आज थ्री नॉट थ्री घेऊन आलो आहोत. दचकू नका, नुसती शब्दांतच आणली आहे.

ही रायफल आपल्या ओळखीची आहे. पोलिसांच्या खांद्यावर आपण ती वर्षानुवर्षं पाहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर काही पोलिसांच्या हाती तीच होती. आमच्या वयाच्या लोकांची ओळख मात्र एनसीसीतली. १९६२ च्या युद्धानंतर कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली, १९६८ पर्यंत ती सक्ती होती, आणि आम्ही त्या सक्तीतलेच.

रायफलीत सगळ्यात आधी झिजते ती नळी. नळीच्या आत पीळदार चर असतात, ते गोळीला फिरकी देतात आणि फिरकीमुळे गोळी सरळ जाते. काडतूस बसतं त्याच्या लगेच पुढे, जिथून चर सुरू होतात, तिथे जळत्या दारूचा वायू पोलाद खातो. लोकांना वाटतं गोळी घासून नळी झिजते. ते थोडं खरं आहे, पण मोठा वाटा वायूच्या उष्णतेचा.

दुसरं कारण गंज. जुन्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते उडालं की मागे पोटॅशियम क्लोराइड राहतं, म्हणजे आपल्या मिठाचा चुलतभाऊच, आणि तो हवेतलं पाणी ओढतो. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात एखादे वेळी निभावेल, पण ऑगस्टात नळी दोन दिवसांत लाल. तेलात मीठ विरघळत नाही, म्हणून जुने शिपाई आधी नळीतून उकळतं पाणी ओतत आणि मग तेल लावत.

तिसरं कारण गमतीचं आहे: साफसफाई! पुल-थ्रूची दोरी वाकडी ओढली, वर तिला धूळ चिकटलेली असली, की नळीचं पुढचं तोंड एका बाजूनं घासतं. गोळी बाहेर पडते त्या क्षणी तोंड समतोल नसेल तर मागची सगळी मेहनत वाया. आम्ही चिंदी घालून किती जोरात दोरी ओढायचो, ते आठवलं की आता अपराधी वाटतं.

आता नावाकडे बघा. १८८८ साली ब्रिटिश सैन्यानं जी रायफल घेतली तिचं नाव ली-मेटफर्ड. बोल्टची यंत्रणा जेम्स पॅरिस ली यांची, नळीतले चर विल्यम मेटफर्ड यांचे. मेटफर्डचे चर उथळ आणि गोलसर होते, कारण काळ्या दारूची काजळी त्यांत साचू नये. तीन-चार वर्षांत धूर न करणारी कॉर्डाइट दारू आली. ती फार तापते, आणि ते नाजूक चर तिच्यापुढे टिकेनात. मग एनफील्डच्या सरकारी कारखान्यात खोल आणि चौकोनी कडांचे पाच चर ठरले, आणि १८९५ पासून रायफल झाली ली-एनफील्ड. पुढे दारूतलं नायट्रोग्लिसरीनही ५८ टक्क्यांवरून ३० वर आणलं, नळी वाचावी म्हणून. म्हणजे बोल्टची यंत्रणा तीच, बदलली नळी, आणि निम्मं नाव बदललं! नागसेनाला हे उदाहरण फार आवडलं असतं.

नाव असं नळीबरोबर गेलं, पण नंबर मात्र गेला नाही. नळी ज्या पोलादी बॉडीत आट्यांनी बसते, त्या बॉडीवर नंबर असतो. नवी नळी बसवली की आर्मरर तिच्यावर बॉडीचाच जुना नंबर ठोकतो. नळीवर तिचं स्वतःचं वर्ष वेगळं असतं. त्यामुळे बॉडी पहिल्या महायुद्धातली आणि नळी दुसऱ्यातली, अशी रायफल सापडली तर नवल नाही.

नंबर बॉडीला देणं ही नुसती सोय नव्हे. स्फोटाचा दाब शेवटी बॉडी आणि बोल्ट सोसतात. १९६२ नंतर ईशापूरच्या कारखान्यानं याच घडणीची ७.६२ ची रायफल काढली, तेव्हा जुन्या बॉडीत नवी नळी घालून भागलं नाही. दाब जास्त होता, म्हणून बॉडीचं पोलादच सुधारावं लागलं. कुठली नळी चालेल, याची मर्यादा बॉडी ठरवते.

मग नळी बदलणं म्हणजे आटे सोडवून दुसरी पिळणं, एवढंच का? तसं नाही. जुन्या घडणीत पुढची माशी आणि मागची साइट दोन्ही नळीवरच असतात. नळी किंचित कमी-जास्त फिरली की दोन्ही कलतात. ती घट्टही बसली पाहिजे आणि उभीही. त्याहून नाजूक गोष्ट हेडस्पेस. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी कड असते. बोल्टचं तोंड आणि नळीची मागची बाजू यांच्यामध्ये त्या कडेला जी जागा मिळते, ती हेडस्पेस. ती दोन गेजांनी तपासतात. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायलाच हवा, ०.०७४ इंचाच्या गेजवर होता कामा नये. दोन्हींतला फरक पाव मिलिमीटर. जागा जास्त झाली तर पितळी काडतूस ताणून बुडाशी फाटतं आणि तापलेला वायू मागे येतो, जिथे माणसाचा गाल आणि डोळा असतो.

हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी कांबळ्यावर शिकलो. सात-आठ कॅडेट रायफली साफ करत बसलो होतो. सगळ्यांचे बोल्ट एकाच कांबळ्यावर होते, आणि गप्पांच्या नादात आम्ही हाताला लागला तो बोल्ट घातला. छान बसला, सटकन बंदही झाला. हवालदार साहेबांनी ते पाहिलं आणि ओरडले, 'नंबर पढ़!' बॉडीचा एक, बोल्टचा दुसरा. त्यांनी प्रत्येकाला दोन्ही नंबर मोठ्यानं वाचायला लावले, अन् मग राजेहो, मैदानाच्या चकरा. तेव्हा राग आला होता. बोल्टचं डोकं त्या-त्या रायफलीला जुळवून बसवलेलं असतं, हे पुढे कळलं.

नागसेन म्हणतो, रथ हे भागांवर अवलंबून असलेलं एक नाव आहे. आम्हाला ते मान्य आहे, पण एक भर घालावीशी वाटते. सगळे भाग कांबळ्यावर हजर होते, नावं हजर होती, तरी रायफल नव्हती. भाग एकमेकांना जुळलेले आहेत, असं कुणीतरी मोजून आणि जबाबदारी घेऊन म्हणावं लागतं. आर्मरर नव्या नळीवर जुना नंबर ठोकतो तेव्हा तो हेच म्हणत असतो.

आता एक प्रश्न आलाय यवतमाळकडून. आजोबांची .३१५ रायफल आहे, परवाना नावावर आहे, पण नळी गेलेली, काय करावं? ही .३१५ आपल्याच कारखान्यांतली आणि लीच्याच घडणीची, कारण थ्री नॉट थ्री खासगी माणसाला ठेवता येत नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर बसणारे हात फार कसबी आहेत, आम्हाला आदर आहे, पण त्यांच्याकडे नेऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्या, त्याच बोअरची नळी घ्या, बॉडीवरच्या नंबरला कुणालाही हात लावू देऊ नका, आणि हेडस्पेस गेजवर तपासून दाखवा म्हणा.

आणि हो, जुनी नळी आठवण म्हणून माळ्यावर टाकू नका. कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचा सुटा भागही बंदुकीतच मोडतो. हॉब्जनं विचारलं होतं, जहाजाच्या काढलेल्या जुन्या फळ्या जोडून दुसरं जहाज उभं केलं तर खरं कुठलं? तुमच्या जुन्या नळीवरही रायफलीचाच नंबर असू शकतो. तेव्हा तिचं काय करायचं, ते आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी घ्या.