रुग्णाची माहिती : एक जोखमीची ठेव



वार्षिक अहवाल आपल्या हाती पडल्यानंतर दरवर्षी काही देणगीदारांची पत्रे येतात. कौतुकाच्या शब्दांबरोबर त्यांत एक प्रश्न हमखास असतो : "आमच्या देणगीतून ज्या रुग्णांवर उपचार झाले, त्यांची नावे व छायाचित्रे अहवालात का नसतात?" प्रश्न रास्त आहे. पैसा देणाऱ्यास हिशेब मागण्याचा अधिकार आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेल्यामुळे हिशेब मागणाऱ्याविषयी मला आदरच वाटतो. तथापि रुग्णालयात पैशाखेरीज आणखी एक ठेव जमा होत असते आणि तिचा हिशेब निराळ्या रीतीने ठेवावा लागतो. ती ठेव म्हणजे रुग्णाची माहिती. ती आम्ही कशी सांभाळतो, कोणास देतो व कोणास देत नाही, हे येथे सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

एका पानामुळे झालेला बदल

काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या अहवालातही 'लाभार्थी रुग्ण' असे एक पान असे. रुग्णाचे छायाचित्र, नाव, गाव, आजार आणि मिळालेली मदत असा तपशील त्यात छापला जाई. हेतू शुद्ध होता आणि रुग्णही हरकत घेत नसत. अशाच एका अहवालानंतर चार-पाच महिन्यांनी शेजारच्या गावातील एक शेतकरी कार्यालयात आले. त्यांच्या मुलीवर आपल्याकडे क्षयरोगाचे उपचार झाले होते व ती पूर्ण बरी झाली होती. अहवालाचे ते पान घडी घालून त्यांनी खिशात आणले होते. मुलीची सोयरीक ठरत आली असता तेच पान मुलाकडच्या मंडळींच्या हाती पडले होते आणि बोलणी तेथेच थांबली होती. गृहस्थ रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, मदत केलीत, उपकार आहेत. पण आजार छापायची काय गरज होती?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. छायाचित्रास त्यांची संमती होती, असे मी म्हणू शकलो असतो. कागदावर त्यांची सहीदेखील होती. परंतु ज्या टेबलावर बिल माफ व्हायचे, त्याच टेबलावर पुढे केलेल्या कागदाला गरीब माणूस नाही कसे म्हणेल? पैसे भरून उपचार घेणाऱ्या एकाही रुग्णाचे छायाचित्र आम्ही कधी छापले नव्हते. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा होता त्याचे गुपित राखले जात होते, आणि ज्याच्याजवळ नव्हता त्याच्याकडून आम्ही नकळत उपचाराचे मोल गुपिताच्या रूपाने वसूल करीत होतो. त्या वर्षापासून ते पान बंद करण्यात आले.

संत गोरोबाकाकांच्या या तेरमध्ये माणसे एकमेकांस पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. मोठ्या शहरात एखादे नाव गर्दीत हरवून जाते. येथे अमक्या गल्लीतील, अमक्या वयाची बाई, एवढे म्हटले तरी ओळख पटते. त्यामुळे नाव गाळले की काम झाले, असे आपल्यासारख्या गावात मानून चालत नाही.

केसपेपरचा प्रवास

नोंदणीच्या खिडकीवर नाव, वय व पत्ता सांगितला की केसपेपर तयार होतो. तेथून तो डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा, क्ष-किरण विभाग, औषध विभाग आणि देयक विभाग असा फिरून अखेर अभिलेख कक्षात जातो. साध्या आजारातही त्यास आठ-दहा जणांचे हात लागतात. म्हणून आपल्याकडील पहिला नियम असा की, ज्याला कामापुरते जेवढे लागते तेवढेच त्याने पाहावे. देयक विभागातील लेखनिकास कोणती तपासणी झाली व तिचा दर काय, हे ठाऊक असणे आवश्यक आहे. तपासणीत काय निघाले, हे ठाऊक असण्याचे कारण नाही. खाटेवरील पाटीवर आजाराचे नाव लिहिले जात नाही. खिडकीवर रांगेदेखत "काय होतंय?" असे विचारले जात नाही; कोणत्या विभागात जायचे आहे, एवढेच विचारले जाते. चैत्रातील गोरोबाकाकांच्या यात्रेत तपासणी शिबिर भरते, तेव्हा गर्दी कितीही असली तरी डॉक्टरांचे टेबल पडद्याआड ठेवण्याचा आमचा आग्रह असतो.

अभिलेख कक्षातून कागद बाहेर गेला की कोणी, कोणत्या कारणासाठी व कधी नेला आणि परत कधी आला, याची नोंद वहीत होते. बँकेतून रक्कम काढताना सही लागते, तोच हा प्रकार आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णाचे कागदपत्र उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षे जतन करावे लागतात. मुदत संपलेले कागद मात्र आम्ही रद्दीत विकत नाही. आठवडी बाजारात शेंगदाण्याची पुडी उलगडावी आणि आत शेजाऱ्याचा रक्ताचा अहवाल निघावा, असे होता कामा नये. असे कागद दोन जबाबदार व्यक्तींच्या समक्ष नष्ट केले जातात व त्याचीही नोंद राहते.

माहिती कोणास दिली जाते?

१. स्वतः रुग्णास. कागदपत्रे रुग्णालयाच्या मालकीची, अशी समजूत पूर्वी सर्वत्र होती. १९९६ साली रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गोपनीयतेचे कारण सांगून केसपेपरच्या प्रती खुद्द रुग्णास किंवा त्याच्या आप्तांस नाकारता येणार नाहीत. पुढे २००२ च्या आचारसंहितेत, मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत प्रती द्याव्यात, असे ठरले. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने साधा अर्ज करावा. प्रतींचा खर्च घेऊन त्या दिल्या जातात. बिल बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवले जात नाहीत.

२. पुढील उपचार करणाऱ्या डॉक्टरांस. धाराशिव, लातूर, सोलापूर किंवा बार्शी येथे रुग्णास पाठविताना संदर्भचिठ्ठीबरोबर आवश्यक ते अहवाल बंद लिफाफ्यात दिले जातात. घाईच्या वेळी मोबाईलवर छायाचित्र पाठविण्याची सोय झाली आहे. परंतु असे छायाचित्र संबंधित डॉक्टरांनाच पाठवावे, गटात टाकू नये, अशी सक्त सूचना आहे.

३. विमा व शासकीय योजनांच्या कार्यालयांस. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो वा खासगी विमा, मंजुरीसाठी त्या आजाराचे कागद पाठवावे लागतात. त्या वेळच्या उपचाराचेच कागद जातात; रुग्णाची जुनी फाईल उचलून दिली जात नाही.

४. कायद्याने बंधनकारक असेल तेथे. २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद खासगी रुग्णालयांनीही शासनास कळविणे आवश्यक आहे. त्यात रुग्णाचेही हित आहे; औषधे व पोषणासाठीचे साहाय्य या नोंदीमुळेच त्याच्यापर्यंत पोहोचते. अपघात, विषबाधा, भाजणे अशा प्रकरणांत पोलिसांस कळवावे लागते. न्यायालयाचा आदेश आल्यास कागद सादर करावे लागतात. एखाद्या विशिष्ट व्यक्तीस किंवा समाजास गंभीर धोका असल्यासही डॉक्टरांना मौन सोडता येते. मात्र हा अपवाद आहे आणि त्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो, कार्यालयाने नव्हे.

५. धर्मादाय कार्यालयास. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये १ सप्टेंबर २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या आहेत. निर्धन रुग्ण निधीचा हिशेबही द्यावयाचा असतो. त्यासाठी शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला आदी कागद घेतले जातात. ते वेगळ्या फाईलमध्ये राहतात. कोण दारिद्र्यरेषेखाली आहे, ही माहितीसुद्धा आजाराइतकीच खासगी आहे.

या यादीत न बसणाऱ्यांस माहिती मिळत नाही. त्यांत शेजारी, मालक व सावकार येतात, तसे देणगीदार आणि विश्वस्तही येतात. एखाद्या परिचिताची आस्थेने चौकशी करणाऱ्या विश्वस्तांना "त्यांनाच विचारावे" असे उत्तर देणे मला जड जाते. परंतु आजवर सर्वांनी ते समजून घेतले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आप्तजनांसाठी दोन शब्द

आपल्याकडे आजार एकट्याचा नसतो. सारे घर दवाखान्यात येते. डबा आणणारा, रात्री उशाशी बसणारा, पैसे उभे करणारा नातेवाईकच असतो. त्याला बाहेर ठेवावे, असा आमचा हेतू नाही. म्हणून दाखल होतानाच रुग्णास विचारले जाते : "आपल्या प्रकृतीविषयी कोणाशी बोलावे?" रुग्ण सांगेल त्या व्यक्तीचे नाव केसपेपरवर लिहिले जाते व डॉक्टर तिच्याशी बोलतात. रुग्ण शुद्धीवर नसेल किंवा अज्ञान असेल, तर जबाबदार आप्तांशी बोलले जाते.

अडचण येते ती काही ठरावीक प्रसंगी. सुनेच्या तपासणीचा अहवाल सासूबाई मागतात. वडिलांचा आजार वडिलांना सांगू नका, असे मुलगा विनवितो. दोघांच्या मनात काळजीच असते. तरीही अहवाल सुनेचा आहे आणि आजार वडिलांचा आहे. एच.आय.व्ही.च्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने (१० सप्टेंबर २०१८ पासून लागू) रुग्णाच्या संमतीवाचून ही बाब उघड करण्यास, मोजके अपवाद वगळता, मनाई केली आहे. गर्भपाताविषयीच्या कायद्यातही २०२१ च्या दुरुस्तीने स्त्रीचे नाव व तपशील उघड करणे शिक्षेस पात्र ठरविले आहे. खिडकीवरील आमचा कर्मचारी नकार देतो तेव्हा तो उद्धटपणा नसून त्याचे कर्तव्य असते, हे कृपया ध्यानी घ्यावे. गुपित राहील अशी खात्री असेल तरच माणूस आजार लवकर आणि खरा सांगतो, आणि उपचार त्यावरच अवलंबून असतात.

नाव वगळूनही माहिती उपयोगी पडते

माहिती अशी कुलपात ठेवली तर समाजास तिचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच परिसरात मिळते. १९८७ साली बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि आपल्या जिल्ह्यातील परंडा व भूम या तालुक्यांतील गावोगावी जाऊन रुग्णांची नोंद करण्यात आली. एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये म्हणून अशा नोंदीत नाव लागते; प्रसिद्ध होतात ते मात्र केवळ आकडे.

त्यानंतर १९९९ साली तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश करण्यात आला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात एच.पी.व्ही. या विषाणूची तपासणी एकदाच झाली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू, नेहमीच्याच सेवेवर असलेल्या गटाच्या तुलनेत, सुमारे निम्म्यावर आले. पुढे जगभर या तपासणीचा पुरस्कार झाला, त्यामागील महत्त्वाच्या आधारांपैकी हा एक होय. एका गटास तपासणीवाचून ठेवणे योग्य होते काय, यावर नंतर टीकाही झाली. माहिती घेताना समोरच्यास पूर्ण कल्पना देणे किती आवश्यक आहे, हे त्यातून दिसते. मात्र सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या माहितीचा लाभ साऱ्या जगास झाला, आणि छापलेल्या निष्कर्षांत त्यांतील एकीचेही नाव नाही.

मग देणगीदारास हिशेब कोणता?

आपल्या देणगीचा हिशेब आम्ही याच पद्धतीने देतो. प्रत्येक साहाय्याचे प्रमाणक क्रमांकानिशी ठेवलेले असते. लेखापरीक्षक ते मूळ कागदांशी ताडून पाहतात व त्यांच्यावरही गोपनीयतेचे बंधन असते. अहवालात विभागवार रुग्णसंख्या, खर्च व शिल्लक दिली जाते. एखाद्या आजाराचा रुग्ण वर्षात एकच असेल, तर तो आकडा 'इतर' या सदरात घेतला जातो, कारण एकाच्या आकड्यावरून गाव माणूस ओळखते. बरे झालेल्या एखाद्यास आपण होऊन अनुभव सांगावयाचा असेल तर तो आनंदाने ऐकू. पण उपचार व बिलाचा व्यवहार पूर्ण झाल्यावर, आणि त्याच्या इच्छेनेच.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. संगणकावरील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली कायदा झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम प्रसिद्ध होऊन टप्प्याटप्प्याने अंमल ठरला. त्या दृष्टीने प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र संकेतशब्द देणे, नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करणे आणि अभिलेख कक्षासाठी लोखंडी कपाटे घेणे, ही कामे हाती आहेत. या कामांची छायाचित्रे काढण्याजोगी नाहीत; तरीही देणगीदारांनी त्यांस हातभार लावावा, अशी नम्र विनंती आहे.

ते शेतकरी गृहस्थ त्यानंतरही उपचारांसाठी आपल्याच रुग्णालयात येत राहिले. विश्वस्त म्हणून आपण सारे त्या विश्वासास पात्र राहू या.

आपला नम्र,
प्रशासकीय अधिकारी