जुनं इंजिन : ऐकीव समज आणि वस्तुस्थिती

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. पद्मिनीच्या जमान्यातले गाडीबद्दलचे समज मात्र अजून निवृत्त व्हायला तयार नाहीत. त्यातले काही त्या काळी खरेही होते, कारण तेव्हा इंजिनाला पेट्रोल कार्ब्युरेटर पुरवायचा. आज आपण ‘जुनी गाडी’ म्हणतो ती बहुधा २००० नंतरची असते. तिच्यात इंजेक्शन आहे, ॲल्युमिनियमचं हेड आहे, तापमान मोजणारे सेन्सर आहेत. तिला आजोबांच्या गाडीचे नियम लावले की नुकसान होतं.

गैरसमज : सकाळी दहा मिनिटं जागेवर गरम केल्याशिवाय गाडी काढू नये.

वस्तुस्थिती : कार्ब्युरेटरच्या गाडीला चोक ओढून थोडा वेळ द्यावा लागे, नाही तर ती कोपऱ्यावरच बंद पडायची. इंजेक्शनच्या गाडीत हे काम ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, करतो. इंजिन थंड असेपर्यंत तो पेट्रोल जास्त सोडतो. हे जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खालच्या ऑइलमध्ये मिसळतं. उभी गाडी सावकाश तापते, म्हणजे ही धुलाई लांबते. चालू केल्यावर अर्धं मिनिट थांबा, ऑइलचा दिवा विझलाय ना ते बघा आणि निघा. पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर जपून दाबा.

आठवड्यातून एकदा पाच मिनिटं ‘चालू करून ठेवणं’ही असंच. तेवढ्यात ऑइल पुरतं तापत नाही आणि आतली वाफ आतच राहते. त्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांची एक फेरी मारून आणा.

गैरसमज : इंजिन जुनं झालं की जाड ऑइल घालावं.

वस्तुस्थिती : जाड ऑइल ढिल्या इंजिनाचा आवाज दाबतं, झीज भरून काढत नाही. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा १०० अंशांना तापल्यावरच्या जाडीचा. झीज जास्त होते ती थंड इंजिन चालू करताना, आणि नेमकं तेव्हाच जाड ऑइल कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोचतं. गाडीच्या पुस्तिकेतली ग्रेड सोडू नका. इंजिन ऑइल खात असेल, तर पुस्तिकेनं चालतील म्हटलेल्या ग्रेडपैकी त्यातल्या त्यात जाड निवडा.

डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं म्हणून ते वाया गेलं असंही नाही. काजळी धरून ठेवणं हे त्यातल्या डिटर्जंटचं कामच आहे. घाबरायचं ते ऑइल दुधाळ दिसलं तर. त्यात पाणी गेलेलं असतं. गाडी कितीही कमी फिरली, तरी वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदलाच.

गैरसमज : आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? रेडिएटरला नळाचं पाणी पुरे. तरी गाडी तापली तर थर्मोस्टॅट काढून टाका.

वस्तुस्थिती : गोठू न देणं हे कूलंटचं एकच काम नव्हे. ते ॲल्युमिनियमला गंज लागू देत नाही आणि उकळण्याचा बिंदू वर नेतं. बोअरच्या पाण्यानं मात्र रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात. रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीचं काम करतं : साधारण ०.९ बार दाब धरलेला असेल, तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. त्या झाकणाचं रबर चिरलं की दाब टिकत नाही आणि घाटात गाडी उकळते.

थर्मोस्टॅट काढल्यावर काटा खाली येतो, म्हणून उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात इंजिन नीट तापतच नाही, ईसीएम त्याला थंड समजून पेट्रोल वाढवत राहतो आणि ॲव्हरेज पडतं. खरा दोष चोंदलेल्या रेडिएटरमध्ये, फॅनच्या रिलेमध्ये किंवा वॉटर पंपात तसाच राहतो.

खंबाटकी घाटात काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि गाडी बाजूला घ्या. गरम असताना झाकण उघडू नका. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

गैरसमज : ऑइलचा लाल दिवा लागला, पण गॅरेज जवळच आहे.

वस्तुस्थिती : हा दिवा ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो. दाब नसला की बेअरिंगमधला ऑइलचा थर तुटतो आणि धातूवर धातू घासतो. दोन किलोमीटरही बेअरिंग खलास व्हायला पुरतात. तिथेच बंद करा. डिपस्टिकवर पातळी बरोबर दिसूनही दिवा लागत असेल, तर गाडी टो करून न्या.

गैरसमज : टायमिंग बेल्ट आवाज करायला लागला की बदलू.

वस्तुस्थिती : बेल्ट बहुधा काही न सांगता तुटतो, आणि अनेक इंजिनांत त्याच क्षणी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. तो पुस्तिकेतले किलोमीटर किंवा वर्षं, यांपैकी जे आधी भरेल तेव्हा बदलायचा, सोबत टेन्शनरही. जुनी गाडी विकत घेतली आणि बेल्टची नोंद नसेल, तर पहिला खर्च तोच. टायमिंग चेन टिकाऊ असते, पण ऑइलची हयगय झाली की तीही ताणते आणि चालू करताना खडखडते.

गैरसमज : महागडं पेट्रोल घातलं की इंजिन साफ होतं आणि ताकद वाढते.

वस्तुस्थिती : जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद नव्हे. ते पेट्रोल अवेळी पेट घेत नाही, इतकंच. कमी कॉम्प्रेशनच्या जुन्या इंजिनाला त्याचा फायदा नाही. पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलकडे मात्र लक्ष हवं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटणं स्वाभाविक आहे. जुन्या गाडीचे रबरी पेट्रोल पाइप आणि सील दर सर्व्हिसिंगला तपासून घ्या.

गैरसमज : धूर दिसला, म्हणजे गाडी इंजिनकामाला आली.

वस्तुस्थिती : आधी रंग बघा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. एअर फिल्टर आणि सेन्सर तपासा. थंडीतली पांढरी वाफ गाडी तापल्यावर थांबते. थांबली नाही आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय. पण सकाळी चालू करताना किंवा उतारावरून आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच तेवढा भपकारा येत असेल, तर दोष बहुधा व्हॉल्व्हच्या सीलमध्ये असतो. इंजिन खाली न उतरवता ते बदलता येतात.

इंजिन खोलायला होकार देण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट मागा. सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारतात आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावतात. समजा तीन सिलिंडर १७० पीएसआय दाखवतात आणि चौथा १२०. चौथ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढून १५० झाला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलनं त्यांची फट तात्पुरती बुजवली. आकडा हलला नाही, तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये, आणि काम वरच्या वर भागतं.

हे आकडे तारखेसह लिहून ठेवा. १५ वर्षं झाल्यावर खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवायची की गाडी काढून टाकायची, हे ठरवताना चार जणांच्या सल्ल्यापेक्षा तेच उपयोगी पडतील. आकडे एकसारखे असतील आणि पत्रा सडलेला नसेल, तर गाडी विकायची घाई कशाला?